रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे डाग
वडिलांच्या दंडावर काही न लागता काळे-निळे डाग उठतात, तर रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी थांबवू का, असं विचारलंत. परस्पर मुळीच थांबवू नका, गुठळीचा धोका असतो. आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. बहुतेकांचा २ ते ३ ठेवतात. त्यावर गेला की डाग वाढतात. आमच्या आईचे वाढले ते गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी! (डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, अर्थात.)

वॉरफेरिनच्या डागांचा दुर्मिळ पण भयंकर प्रकार वेगळाच. गोळी सुरू केल्यावर साधारण ३ ते १० दिवसांत मांडी, पोट, स्तन अशा चरबीच्या जागी दुखरा लाल चट्टा येतो आणि काळा पडत जातो. प्रोटीन सी (गुठळी होऊ न देणारं रक्तातलं प्रथिन) कमी असणाऱ्यांना धोका जास्त. असं काही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा.