अँजिओप्लास्टीआधी किडनीच्या धोक्याचा आकडा घरच्यांना सांगायला हवा की नाही?

त्रिमूर्तीनगर:
आत्याची अँजिओप्लास्टी नागपुरातल्याच एका दवाखान्यात झाली. हृदयाच्या नळ्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून त्यात जो डाय (रंगद्रव्य) टोचतात, त्याने किडनीला इजा होऊ शकते. वय 70, वजन 45 किलो, जुनी शुगर, अंगात रक्त कमी. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.2 आलं आणि "किडनी नॉर्मल आहे" असं सांगून टाकलं. पण 70 किलोच्या 35 वर्षांच्या पुरुषाचं 1.2 आणि तिचं 1.2 सारखं कसं? वय-वजन धरून क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते त्याचा अंदाज) काढला, तर त्याचा 85 च्या आसपास येतो आणि तिचा जेमतेम 31. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली, ती गोंदियाला गेली. आठवड्याच्या आत पाय सुजले, लघवी कमी झाली. आता सावरली आहे, पण हे आधी ओळखता आलं असतं.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोक्साना मेहरान यांच्या गटाने 2004 मध्येच त्यासाठी गुणांची पद्धत दिली. शुगरचे 3, ॲनिमियाचे 3, वय 75 च्या वर असेल तर 4, हार्ट फेल्युअरचे 5, दर 100 मिली डायमागे 1. किडनी आधीच कमजोर असेल तर त्याचे वेगळे. बेरीज 5 पर्यंत असेल तर किडनीला इजा होण्याचा धोका साधारण 7.5 टक्के, 16 च्या वर गेली तर 57 टक्के. संमतिपत्रावर सही घेताना हा आकडा लिहून द्यायला काय हरकत आहे?

कॅथलॅब तंत्रज्ञ:
हरकत आहे. रात्री दोनला भंडाऱ्याहून अटॅकचा पेशंट येतो, नळी बंद, मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरतोय. तेव्हा घरच्यांना "किडनीला 26 टक्के धोका" म्हटलं की ते बाहेर जाऊन चार जणांना फोन लावतात. किडनीच्या भीतीने अँजिओ नाकारलेले पेशंट मी पाहिलेत. शिवाय बीपी किती पडेल, डाय किती लागेल, हे आत गेल्यावरच कळतं. आणि नंतर क्रिएटिनिन वाढलं की सगळा दोष डायचाच, असंही नाही. पडलेलं बीपी, महाधमनीतून सुटलेले कोलेस्टेरॉलचे कणही किडनी खराब करतात.

त्रिमूर्तीनगर:
अटॅकच्या पेशंटबद्दल तुमचं पूर्ण मान्य, तिथे एक मिनिटही घालवू नये. मी तारीख घेऊन होणाऱ्या प्रोसिजरबद्दल बोलतोय. आत जाण्याआधीच्या माहितीवरून अंदाज बांधता यावा म्हणून 2021 मध्ये मेहरान यांच्याच गटाने सुधारित पद्धत आणली. ईजीएफआर (क्लिअरन्ससारखाच किडनीच्या गाळण्याचा आकडा) 40 असेल तर डाय त्याच्या तिप्पट, म्हणजे 120 मिलीच्या आत ठेवायचा, हा हिशोब आधीच करता येतो. दोन नळ्या तुंबलेल्या असतील तर दुसरीची अँजिओप्लास्टी काही आठवड्यांनी केली तर बिघडतं काय?

वर्धा रोड:
आकडा कळून करणार काय, ते सांगा. किडनी वाचवायला देतात ती एसिटाइलसिस्टीन आणि सोडाबायकार्ब ही औषधं 2018 च्या प्रिझर्व्ह अभ्यासात निरुपयोगी ठरली. 2017 च्या डच अमेसिंग अभ्यासात तर ईजीएफआर 30 ते 59 असलेल्यांना सलाइन देऊन आणि न देऊन फरक पडला नाही. उपाय नसेल तर आकडा म्हणजे नुसता घोर.

गडचिरोलीची नर्स:
अहो दादा, त्या डच अभ्यासातला मास्ट्रिख्टचा पेशंट आणि आमचा पेशंट एक कसा? मे महिन्यात 45 डिग्रीत एसटीने पाच तास बसून येतो, वाटेत लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाही, त्यात सकाळपासून उपाशी ठेवलेला. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक (किडनीला त्रास देणारी दुखण्याची गोळी) खिशात असते, कोणी विचारतच नाही. धोका जास्त दिसला तर ती गोळी बंद करा, लघवीच्या गोळीचं आणि शुगरच्या मेटफॉर्मिनचं डॉक्टरांना विचारा, आदल्या दिवशी बोलावून घ्या. यातलं काहीच महाग नाही.

आणि मूळ प्रश्न सुट्टीचा आहे. क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी वाढतं, तोवर पेशंट गावी पोचलेला असतो. आधी 1.2 होतं, 48 तासांत 1.5 झालं तरी व्याख्येने ती किडनीची इजाच. तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी होते, फक्त सुट्टीच्या कागदावर तारीख लिहिलेली पाहिजे.

कॅथलॅब तंत्रज्ञ:
तारखेचं पटलं, आणि वापरलेला डाय किती मिली तेही त्याच कागदावर यावं. आमच्या रजिस्टरमध्ये असतं, पेशंटच्या हातात जात नाही. टक्केवारी मात्र सहीच्या कागदावर नको, या मतावर मी आजही ठाम आहे. ती डॉक्टरने समोर बसवून, समजावून सांगावी.

त्रिमूर्तीनगर:
समोर बसवून कोण सांगतं, ताई-दादांनो? ओपीडीत पेशंटमागे पाच मिनिटं मिळत नाहीत. म्हणूनच लेखी मागतोय.