स्वतंत्र लेबल, उसने शब्द?

रामबागेतून:
आमच्या शेजारची चार मुले खिडकीला गादी टेकवून पंक रॉकचा सराव करतात आणि पहिला अल्बम एखादी मोठी कंपनी काढेल या आशेवर दोन वर्षे थांबली आहेत. त्यांना मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या पंक बँडचे उदाहरण देतो. आयलंड या रेकॉर्ड कंपनीशी ठरत आलेला करार फिसकटल्यावर लंडनच्या रफ ट्रेड या स्वतंत्र लेबलने, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीने, १९७९ मध्ये त्यांचा 'इन्फ्लेमेबल मटेरियल' काढला. रेकॉर्डच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या या लेबलचा तो पहिलाच अल्बम होता, तरी तो ब्रिटनच्या विक्रीयादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेला. स्वतंत्र लेबल नसते, तर ही गाणी अशीच्या अशी बाहेर आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

सुदामा नगरातून:
आपण सोयीचे तेवढेच सांगितलेत. बेलफास्टची ही मंडळी आधी डीप पर्पल या रॉक बँडच्या गाण्यावरून 'हायवे स्टार' असे नाव घेऊन इतरांचीच गाणी वाजवत असत. बेलफास्टच्या रोजच्या जगण्यावर लिहा, असे त्यांना गॉर्डन ओगिल्व्ही या पत्रकाराने सुचवले, पुढे तोच त्यांचा व्यवस्थापक झाला आणि कित्येक गाण्यांचे शब्द त्याने गायक जेक बर्न्सच्या जोडीने लिहिले. लेबल स्वतंत्र असेल, शब्दांचे काय?

रामबागेतून:
देवासला कुमारजींनी कबीर गायला, तो उसना ठरला का?

सुदामा नगरातून:
कबीर कुमारजींचा व्यवस्थापक नव्हता.

टिळक नगरातून:
आपण दोघेही अल्बमपाशीच अडकला आहात. त्याआधी १९७८ मध्ये त्यांनी 'सस्पेक्ट डिव्हाइस' हे गाणे स्वतःच्याच रिजिड डिजिट्स लेबलवर काढले होते. त्याची कॅसेट अशी सजवली होती की एका रेकॉर्ड कंपनीने ती बॉम्ब समजून पाण्याच्या बादलीत टाकली आणि मग दुसरी प्रत मागवली, असा किस्सा सांगतात. बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याने ते गाणे पुन्हा पुन्हा वाजवले नसते, तर रफ ट्रेडपर्यंत गोष्ट पोहोचली असती का, याची मला शंका आहे. तेव्हा लेबलचा वाद बाजूला ठेवा आणि त्या मुलांची गाणी कशावर आहेत, ते आधी सांगा.

रामबागेतून:
लेबलबाबतचे माझे मत बदललेले नाही. गाण्यांचे विचाराल, तर काल मुद्दाम जिन्यात उभा राहून ऐकली. सगळी इंग्रजीत आहेत, आणि त्यांतला पाऊसही लंडनचाच आहे.