मदत हवी आहे: डबलसीट प्रवासासाठी मागचा शॉक कोणता घ्यावा आणि बसवल्यावर कसा जुळवावा?

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या प्रवासी मोटरसायकलचा मागचा शॉक बदलायची वेळ आली आहे. एवढा खर्च करण्याआधी माझे निदान बरोबर आहे की नाही, हे जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा शॉक सोडून कंपनीवर घसरते. गाडी साधारण 200 किलोची असून मागे लिंकेजसह (चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणाऱ्या तरफांसह) एकच शॉक आहे, मागच्या चाकाची एकूण हालचाल 180 मिमी आहे आणि आतापर्यंत 34 हजार किलोमीटर झाले आहेत. मूळ शॉकवर फक्त प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग आहे. रिबाउंड (शॉक उलगडताना लागणारा आवर) किंवा कॉम्प्रेशनचा (दबताना लागणारा आवर) स्क्रू नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो. एकट्याने कासला किंवा वाईला जाऊन येताना माझी काही तक्रार नसते. मात्र गेल्या महिन्यात पत्नी आणि सामानासह संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली या मार्गाने सावंतवाडीला गेलो, तेव्हा प्रत्येक मोठ्या गतिरोधकावर शॉक तळाला टेकल्याचा ठोका सीटमधून जाणवत होता, आणि आंबोली घाट उतरताना वळणाच्या मध्यावर गाडी मागून दोन-तीनदा डुलत असे. परत येताना प्रीलोड पूर्ण आवळला. ठोके कमी झाले, पण डुलणे वाढले, आणि दुसऱ्या दिवशी एकटा गाडीवर बसलो तर ती लाकडी पाटासारखी कडक लागली.

एका मित्राच्या सल्ल्याने सॅग, म्हणजे भाराने गाडी किती खाली बसते ते, मोजला. मागच्या आसापासून शेपटीवरील खुणेपर्यंतचे अंतर चाक अधांतरी असताना 612 मिमी भरते. त्यापासून गाडी किती खाली बसते, ते असे: मूळ प्रीलोडवर गाडी स्वतःच्या वजनाने 15 मिमी, मी बसल्यावर 52 मिमी आणि पत्नी व सामानासह 112 मिमी. रिंग 10 मिमी आवळल्यावर हेच आकडे अनुक्रमे 0, 27 आणि 87 झाले. जाकीट-बुटांसह माझे वजन 82 किलो, पत्नीचे 60 किलो, आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा व मागची पेटी मिळून 28 किलो.

पुढच्या वर्षी स्पितीला जायचा विचार आहे. तीन पर्याय समोर आहेत: मूळ शॉकवर फक्त कडक स्प्रिंग चढवणे, रिबाउंडचा स्क्रू असलेला साधा गॅस शॉक घेणे, किंवा वेगळी टाकी आणि हायड्रॉलिक प्रीलोड असलेला शॉक घेणे, ज्याची किंमत दुसऱ्या पर्यायाच्या दुपटीहून अधिक आहे. यातला कोणता घ्यावा, आणि स्प्रिंग किती कडक मागावी?

कोकणस्वार

शॉकवर खर्च करण्यापूर्वी अर्धा दिवस गाडीखाली घालवा. चाक अधांतरी ठेवून मागचा आस हाताने वर-खाली हलवून पाहा. हालचाल सुरू होण्याआधी ‘टक’ असा आवाज किंवा मिलिमीटरभर खेळ जाणवला, तर लिंकेजचे सुई-बेअरिंग गेलेले आहेत. आपल्याकडे एका पावसाळ्यात तिथले ग्रीस धुऊन निघते आणि आतल्या बुशवर गंज चढतो. अशा लिंकेजवर कितीही महाग शॉक लावला तरी गाडी डुलणारच. टायरची हवाही डबलसीटसाठी सांगितलेल्या आकड्याएवढी होती ना, तेही कळवा. माझ्या स्वतःच्या गाडीचा ‘शॉकचा दोष’ अखेर हवेचाच निघाला होता, आणि ते कळेपर्यंत मी शॉक खोलून बसलो होतो.

जुना फिटर

सह्यवाट, तुम्ही सॅग मोजून मगच विचारले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या सहा आकड्यांतच जवळजवळ सगळे उत्तर आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण निम्मी गॅरेजे तो पसरवत असतात. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. दर मिलिमीटर दाबायला किती बळ लागते, तो स्प्रिंगचा दर, आणि तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास व वेटोळ्यांची संख्या यांवरून ठरतो. रिंग फिरवल्याने तो बदलत नाही. रिंग फक्त गाडी कुठल्या उंचीवर उभी राहील, ते ठरवते. तुमचेच आकडे पाहा: रिंग 10 मिमी सरकली आणि 52 चे 27 झाले, 112 चे 87 झाले. दोन्ही वेळा फरक बरोबर 25 मिमीचा आहे. त्यावरून आणखी एक गोष्ट फुकटात कळते. शॉक 1 मिमी हलतो तेव्हा तुमचे चाक सुमारे 2.5 मिमी हलते, म्हणजे लिंकेजचे गुणोत्तर 2.5 आहे. लिंकेजमुळे हे गुणोत्तर पूर्ण प्रवासात थोडे बदलते, पण निवडीसाठी एवढा अंदाज पुरेसा आहे.

आता मूळ स्प्रिंगचा दर काढू. पत्नी आणि सामान मिळून 88 किलो, आणि हे वजन जवळजवळ सगळे मागच्या चाकावरच पडते. त्याने गाडी 60 मिमी खाली गेली, म्हणजे चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे 1.47 किलो. शॉकपाशी हा दर गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो: 1.47 गुणिले 6.25, म्हणजे सुमारे 9.2 किलो प्रति मिमी, अर्थात जवळपास 90 न्यूटन प्रति मिमी. ही स्प्रिंग एकट्या स्वारासाठी योग्य आहे, आणि म्हणूनच एकटे असताना तुमची तक्रार नसते. माणसे बसल्यावरचा सॅग एकूण हालचालीच्या साधारण 30 ते 35 टक्के असावा, असा प्रवासी गाड्यांसाठी ठोकताळा आहे. तुमचा एकट्याचा 29 टक्के भरतो, तर डबलसीटचा 62 टक्के. म्हणजे खड्डा येण्याआधीच निम्म्याहून अधिक हालचाल संपलेली असते.

सर्वांत बोलका आकडा म्हणजे रिंग आवळल्यावरचा शून्य. गाडी स्वतःच्या वजनाने अजिबात खाली बसत नाही, याचा अर्थ शॉक वरच्या टोकाला आपटून उभा आहे; उंचवट्यावरून उतरताना चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि ते रस्ता सोडते. ‘इतका कडक लागतो, म्हणजे स्प्रिंग कडक असेल’ असे लोक म्हणतात, पण प्रत्यक्षात ही मऊ स्प्रिंग वाजवीपेक्षा जास्त आवळल्याची खूण आहे.

माझा हिशेब 140 न्यूटन प्रति मिमीच्या आसपास जातो. तेवढ्या स्प्रिंगवर चाकापाशी 2.28 किलो प्रति मिमी मिळतील, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी आणखी सुमारे 24 मिमी आणि पत्नी व सामानामुळे त्यापुढे सुमारे 39 मिमी खाली जाईल. एकट्यासाठी गाडीचा स्वतःचा सॅग 26 आणि तुमच्यासह 50 असा लावा. डबलसीट निघताना प्रीलोड 8 मिमीने वाढवा, की हे आकडे 6 आणि 69 होतील. 69 म्हणजे 38 टक्के. पुस्तकी आकड्यापेक्षा थोडे जास्त आहेत, पण 170 किलोच्या भरासाठी मी ते आनंदाने स्वीकारेन. 160 ची स्प्रिंग घेतली तर डबलसीट आणखी बरी चालेल, मात्र एकटे कासला जाताना तुम्हीच मला शिव्या द्याल.

कोकणस्वार

मग पहिलाच पर्याय का नको? 140 ची स्प्रिंग करून घेऊन मूळ शॉकवर चढवली, तर बहुतेक पैसे वाचतील.

जुना फिटर

मूळ शॉकमधले ऑइल आणि शिम (ऑइलची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या) 90 च्या स्प्रिंगसाठी बसवलेले आहेत. स्प्रिंग दबून गाडीचे वजन पेलते, तर रिबाउंडचे काम दाबलेल्या स्प्रिंगला सावकाश परत उलगडू देण्याचे. स्प्रिंग दीडपट कडक केली, तर तेवढाच आवर घालायला रिबाउंड अंदाजे एक चतुर्थांशाने वाढवावा लागतो, कारण तो स्प्रिंगच्या दराच्या वर्गमुळानुसार वाढतो. धागाकर्त्याच्या शॉकला स्क्रू नाही, आणि त्यातले ऑइल 34 हजार किलोमीटर चाललेले आहे. घाटातले डुलणे हे आजच रिबाउंड अपुरा पडत असल्याचे लक्षण आहे; त्यात कडक स्प्रिंग घातली, तर गतिरोधक ओलांडताना मागची सीट पत्नीला अक्षरशः वर फेकेल. शॉक खोलता येण्यासारखा असेल आणि शिम बदलू शकणारा कारागीर हाताशी असेल, तर गोष्ट वेगळी. बहुतेक मूळ शॉक मात्र दाबून बंद केलेले असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांतला फरक ऑइल आणि गॅस वेगळे असण्याचा आहे. साध्या शॉकमध्ये नायट्रोजन आणि ऑइल एकाच नळीत मिसळलेले असतात. डांबरी रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण स्पितीच्या वाटेवरील ग्राम्फू ते बातलसारख्या दगडी पट्ट्यात तासन्‌तास पिस्टन चालत राहिला की ऑइल तापून त्याचा फेस होतो, आणि फेसातून पिस्टन सहज पलीकडे जातो, म्हणजे डँपिंग (हालचालीला घातलेला आवर) नाहीसे होते. वेगळ्या टाकीच्या शॉकमध्ये गॅस आणि ऑइल यांच्यामध्ये सरकता पिस्टन किंवा रबरी पिशवी असते, त्यामुळे फेस होत नाही; शिवाय ऑइल जास्त असल्याने ते उशिरा तापते. तुम्ही वर्षातून एकदाच लांबचा प्रवास करणार असाल आणि तोही महाराष्ट्रातच, तर मी दुसरा पर्याय सुचवला असता. स्पितीला जायचे असेल तर तिसरा घ्या. त्यातल्या हायड्रॉलिक प्रीलोडला चैन समजू नका: तुमच्या वापरात एकट्याचा आणि डबलसीटचा असा 8 मिमीचा फरक दर आठवड्याला लागणार आहे, आणि सी-पाना घेऊन बॅगांच्या आड हात घालायचा कंटाळा आला की माणूस प्रीलोड कायमचा मध्येच ठेवून देतो.

दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या: स्प्रिंगचा दर, आणि शॉकच्या दोन्ही भोकांमधील लांबी. लांबी मूळ शॉकइतकीच हवी. 5 मिमी लांब शॉक आला तरी तुमच्या लिंकेजवर मागचा भाग साडेबारा मिमी उचलला जाईल, मग साइड स्टँडवर गाडी जास्त कललेली उभी राहील, हेडलाइट खाली पाहील आणि सुकाणू थोडे चंचल होईल.

सह्यवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कोकणस्वार यांनी सांगितल्याप्रमाणे लिंकेज उघडले, तर एका बेअरिंगच्या सुयांवर खरोखरच लाल गंज होता. ते बेअरिंग बदलले आणि बाकीच्यांत नवे ग्रीस भरले. ठोक्याच्या आवाजात फरक पडला, पण सॅगचे आकडे दोन-तीन मिमीपलीकडे हलले नाहीत, म्हणजे निदान स्प्रिंगचेच राहते. तिसऱ्या पर्यायाची मागणी 140 च्या स्प्रिंगसह नोंदवली आहे. शॉक आला की रिबाउंड आणि कॉम्प्रेशन कोणत्या क्रमाने जुळवावेत?

जुना फिटर

आधी सॅग, मग रिबाउंड, सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करा, तिथून बाहेर येताना क्लिक मोजा आणि वहीत लिहा. बंद करताना जोर लावू नका. आतली सुई बैठकीत रुतली की तो स्क्रू कायमचा निकामी होतो. शॉक थोडा चालवून गरम झाल्यावरच मत बनवा. एका वेळी एकच स्क्रू, एकदोन क्लिक, आणि प्रत्येक वेळी तोच पाच-सहा किलोमीटरचा रस्ता.

एकच गतिरोधक ओलांडल्यावर गाडी वर येऊन पुन्हा एकदा डुलली, तर रिबाउंड कमी आहे. उलट लागोपाठच्या लहान खड्ड्यांच्या पट्ट्यात मागचा भाग हळूहळू खाली बसत गेला आणि गाडी कडक होत गेली, तर रिबाउंड जास्त आहे, कारण एका खड्ड्यातून सावरण्याआधीच पुढचा खड्डा येतो. हे दुसरे लक्षण फार फसवते: माणसाला वाटते कॉम्प्रेशन कडक आहे, तो चुकीचा स्क्रू उघडतो आणि गाडी आणखी खाली बसते. कॉम्प्रेशनला हात लावायचाच तर चढावर जोरात रेस दिल्यावर मागचा भाग जास्त दबतो का, किंवा खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर पाठीत कळ येते का, हे पाहून.

सह्यवाट (धागाकर्ता)

शॉक बसून तीन आठवडे झाले. लांबी मूळ शॉकइतकीच आहे, त्यामुळे साइड स्टँड जसेच्या तसे राहिले. एकटा असताना सॅग 25 आणि 48, आणि प्रीलोडची मूठ 8 मिमीएवढी फिरवून डबलसीट 6 आणि 70, म्हणजे हिशेबापासून दोन मिमीच्या आत. हेडलाइट मात्र पुन्हा लावावा लागला. आधी डबलसीट निघालो की समोरचे चालक दिवे उघडझाप करून राग व्यक्त करत असत.

चाचणीसाठी यवतेश्वर घाट ते कास हा रस्ता धरला. कारखान्याने रिबाउंड 12 क्लिकवर ठेवला होता. एकट्यासाठी 11 वर थांबलो. डबलसीट मोहात पडून 6 पर्यंत बंद केला, तर कासच्या खडबडीत पट्ट्यात नेमके वर वर्णन केलेले झाले, गाडी बसत गेली आणि कडक लागली. 8 वर आणल्यावर ते थांबले आणि वळणातले डुलणेही परतले नाही. कॉम्प्रेशनला अजून हात लावलेला नाही. पत्नीचे मत विचारले, तर तिने एवढेच सांगितले की गतिरोधक आल्यावर आता सीटचा पट्टा घट्ट धरावा लागत नाही.

एक शंका उरते. मागचा भाग आता डबलसीटमध्ये बसत नसल्यामुळे ब्रेक लावताना पुढचे फोर्क पूर्वीपेक्षा जास्त दबल्यासारखे वाटतात. फोर्क खरोखरच मऊ आहेत, की मागचा भाग उंच राहिल्याने तसे भासते, हे ओळखण्यासाठी पुढचा सॅगही याच रीतीने मोजावा का?

जुना फिटर

होय, याच रीतीने मोजा, आणि फोर्कच्या नळीला एक प्लॅस्टिकची टाय हलकेच बांधा. घाट उतरून आल्यावर ती टाय कुठवर ढकलली गेली आहे, ते पाहिले की पुढची हालचाल किती वापरली जाते, ते कळेल. आकडे इथेच टाका.