रेलिगेशननं क्लब सुधारतो? आपल्याकडे तो बंद पडतो

कूपरेज_पूर्व

'आयएसएलमध्ये रेलिगेशन आणा, मगच क्लब ताळ्यावर येतील' ही परवाची पोस्ट वाचली. (आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, फुटबॉलची; रेलिगेशन म्हणजे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत पाठवणं.) ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश: खाली जायची भीती असली की मालक पैसा जपून वापरतात, इंग्लंडचा लेस्टर 2023 ला घसरला आणि पुढच्याच वर्षी 97 गुण घेऊन वर आला, मुंबई एफसी 2017 ला घसरला आणि संपला, म्हणजे त्याची लायकीच तेवढी होती. पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद घालता येईल. तिसरा वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इंग्लंडमध्ये खाली जाणाऱ्या क्लबाला वाऱ्यावर सोडत नाहीत. प्रीमियर लीगच्या टीव्हीच्या पैशातला जो वाटा सगळ्या क्लबांना सारखा मिळतो, त्याचे 55 टक्के पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या आणि 20 टक्के तिसऱ्या वर्षी खाली गेलेल्या क्लबाला मिळत राहतात. वरच्या श्रेणीत एकच हंगाम काढला असेल तर दोनच वर्षं. पहिल्या वर्षीची रक्कमच 4 कोटी पौंडांच्या वर जाते. शिवाय बऱ्याच खेळाडूंच्या करारात 'खाली गेलो तर पगार इतका कमी' हे आधीच लिहिलेलं असतं. एवढी सोय असलेल्या देशातसुद्धा काय होतं बघा. लीड्स 2004 ला घसरला, एलंड रोड हे मैदान विकावं लागलं, 2007 ला कर्जापायी क्लब प्रशासकांच्या हातात गेला, वर यायला 2020 उजाडलं. सन्डरलँड 2017 आणि 2018 असा लागोपाठ दोनदा खाली गेला आणि 2025 ला परतला. लेस्टरचं कौतुक करताना तोच लेस्टर 2025 ला पुन्हा घसरला हे पोस्टकर्ते विसरले.

आता आपल्याकडे या. मुंबई एफसी ज्या आय-लीगमध्ये, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये, खेळायचा तिथल्या क्लबाला टीव्हीतून सांगण्यासारखं काही मिळत नव्हतं. मुंबईचं कूपरेज पाच हजारांचं मैदान, तेही भरायचं नाही. तिकिटाच्या पैशात विमानाची तिकिटंही निघाली नसती. सगळा खर्च एका उद्योगसमूहाच्या जाहिरातीच्या खात्यातून. क्लब खाली गेला की त्या खात्यातल्या माणसाला वर्षअखेरीला दाखवायला काही उरत नाही, आणि एका बैठकीत विषय संपतो. पंजाबच्या जेसीटीचं हेच झालं. 1996-97 चा पहिला राष्ट्रीय लीग विजेता क्लब 2010-11 ला घसरला आणि 2011 च्या जूनमध्येच बंद झाला.

मुंबई एफसीची लायकी काढणाऱ्यांनी एवढंच आठवावं. 2016 ला त्यांनी प्रशिक्षक खालिद जमीलला सोडलं. तोच माणूस पुढच्या हंगामात मिझोरमच्या ऐझॉलला घेऊन आय-लीग जिंकला, त्याच हंगामात मुंबई तळाला. आणि तो ऐझॉल 2016 ला घसरलेला क्लब होता! गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतला गेला. तेव्हा नियमावर बोट ठेवून त्याला खालीच ठेवलं असतं तर 2017 चं ते विजेतेपद झालंच नसतं. मुंबई एफसीच्या चाहत्यांची, यलो ब्रिगेडची पोरं शेवटच्या सामन्यापर्यंत ढोल बडवत होती. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

खाली जाणाऱ्या क्लबासाठी आधी निधी उभा करा. तोपर्यंत रेलिगेशनला माझा विरोध.

बालेवाडी_गेट3

असहमत. ऐझॉलचा मुद्दा चांगला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही.

मी पुण्याचा. आमच्याकडे क्लब मरायला रेलिगेशन लागलंच नाही. पुणे एफसी 2015 ला बंद झाला, तो घसरला होता का? भारत एफसी, एक हंगाम खेळला आणि गायब. डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटी तर आयएसएलमध्ये होता, जिथे तेव्हा खाली जायची सोयच नव्हती, तरी 2019 ला गाशा गुंडाळला आणि आमची जागा हैदराबादला गेली. मी बालेवाडीच्या त्या उन्हात पोराला खांद्यावर घेऊन बसायचो. आता तो विचारतो, बाबा आपली टीम कुठली, तर मी काय सांगू?

मालकाला क्लब नको झाला की तो बंद करतो. रेलिगेशन हे निमित्त. ते काढून घेतलंत तर तो दुसरं शोधेल. कोलकात्याचा मोहम्मेडन 2024-25 ला आयएसएलमध्ये तळाला राहिला, खाली गेला नाही. खेळाडूंचे पगार मिळाले का वेळेवर? पगार थकले म्हणून त्यांनी सरावावर बहिष्कार टाकला. मग तुमच्या संरक्षणानं वाचवलं कुणाला?

मांडवीकाठ

भारत एफसीचं नाव निघालंच आहे तर आमच्या गोंयकारांची जुनी जखम ऐका.

2014-15 ला आय-लीगमध्ये शेवटचा कोण होता? भारत एफसी. खाली कोण गेलं? गोव्याचा डेंपो, जो त्यांच्या वरती होता. का, तर भारत एफसीला थेट प्रवेश दिलेला, त्यामुळे त्यांना रेलिगेशन लागू नाही. ज्याला वाचवलं त्यानं दुकान बंद केलं, आणि पाच वेळचा राष्ट्रीय विजेता खाली गेला. डेंपोनं रडगाणं गायलं नाही. पुढच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत पहिला नंबर काढून परत आला.

आणि मग 2016 ला भारतीय फुटबॉल महासंघानं आराखडा पुढे केला: आयएसएल वर, आय-लीग खाली, आणि खालून वर जायचा रस्ताच नाही. डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघांनीही आय-लीग सोडली. मालक पळाले असं म्हणू नका. मैदानावर वर येता येत नसेल तर पैसे कशासाठी घालायचे?

लगेच कुणीतरी येऊन सांगेल, खाण बंदीनं गोव्याचे क्लब बुडाले. डेंपोंनी खाणीचा धंदा 2009 लाच सेसा गोवा कंपनीला विकला होता. बंदी आली 2012 ला. साळगावकरांचं वेगळं असेल. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. डेंपोनं पोरांच्या टीम चालू ठेवल्या, गोवा लीग खेळत राहिला आणि 2024-25 ला आय-लीगमध्ये परत आला. हे जमलं, कारण क्लब गावात होता.

कूपरेज_पूर्व

@बालेवाडी, पुण्याची यादी मला पाठ आहे, त्यावर वाद नाही. पण मालक आधीच दाराशी उभा असेल तर त्याला बाहेर ढकलायचं कशाला? @मांडवीकाठ, डेंपोमागे घराणं होतं, दशकांची सवय होती. मुंबईत ते कुठून आणणार?

लेफ्टहाफ_निवृत्त

तुम्ही सगळे क्लबाच्या पैशाबद्दल बोलताय. खेळाडूच्या पोटाबद्दल कुणी बोलेल का?

मी एका बँकेकडून मुंबई लीग खेळलो. सकाळी सराव, मग बूट पिशवीत कोंबून लोकल, साडेदहाला कॅश काउंटर. सोमवारी गुडघा सुजलेला असायचा, स्टुलावर पाय ठेवून पासबुकं भरायचो. एका वर्षी आमची टीम खालच्या गटात गेली. कुणाचा पगार थांबला? कुणाचाच नाही. साहेबानं चार शब्द सुनावले, बस्स. आज पेन्शन खातोय.

2013 ला एअर इंडिया आणि ओएनजीसीला आय-लीगमधून काढलं. कारण काय, तर परवान्याच्या निकषात बसत नाहीत, हे 'व्यावसायिक' नाहीत. महिंद्र युनायटेड त्याआधीच 2010 ला बंद झालेला. त्या टीम मोडल्या तिथेच मुंबईचा फुटबॉल संपला. व्यावसायिक क्लब आणले, त्यातले किती उरले? रेलिगेशनची भीती नोकरीवाल्याला नव्हती. ती तुमच्या करारवाल्यांना आहे.

सेटपीस_91

काका, आदर ठेवून सांगतो, ही स्वप्नं विकणं थांबवा. तुमच्या वेळी नोकऱ्या होत्या. आता त्याच संस्था पोरांना स्टायपेंडवर खेळवतात. वर्षं गेली, गुडघा गेला की नमस्कार. कायम कुणी होत नाही.

माझा धाकटा भाऊ गोलकीपर. क्लबाचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांचा करार होता, पहिल्या वर्षी क्लब घसरला. मे महिन्यात ऑफिसात बोलावलं, टेबलावर एक कागद: 'परस्पर संमतीने करार संपुष्टात'. सही कर, नाहीतर एनओसी (दुसऱ्या क्लबात जायला लागणारं ना-हरकत पत्र) मिळणार नाही. तीन महिन्यांचा पगार आधीच थकलेला, तोही त्या कागदात गेला. आम्ही म्हटलं महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे, खेळाडूंच्या करारांचे वाद बघते तिच्याकडे, जाऊ. तो म्हणाला, तक्रार करणारा कीपर म्हणून नाव झालं तर पुढे कोण घेईल? केली सही. रेलिगेशननंतर क्लबाच्या पैशाचं काय होतं याचं उत्तर हे असं आहे. क्लब सगळ्यात आधी पोराचा करार कापतो.

लेफ्टहाफ_निवृत्त

म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की. नोकरी असती तर असा कागद पुढे करायची कुणाची हिंमत झाली असती?

सेटपीस_91

नोकरी मिळायची किती जणांना? एका टीममध्ये वर्षाला दोन, तीन भरती. बाकीची पोरं कुठे गेली त्यांची यादी आहे तुमच्याकडे? आणि ऑफिस टीमला चाहता कोण होता? तुमच्या लीग मॅचला राखीव खेळाडूंपेक्षा प्रेक्षक कमी असायचे.

लेफ्टहाफ_निवृत्त

तोंड सांभाळून. रोव्हर्स कपला, मुंबईच्या त्या जुन्या स्पर्धेला, कूपरेजबाहेर रांग लागायची. तुम्ही पाहिलं नसेल म्हणून ते घडलं नाही असं होत नाही. ऑफिसच्या टीमसाठी आमच्या शाखेतल्या बायकासुद्धा सुट्टी टाकून यायच्या.

बालेवाडी_गेट3

मंडळी, धागा रेलिगेशनचा आहे. नोकरीवर वेगळा काढा.

सेटपीस_91

वेगळा का? पैसा कुठून येतो हाच प्रश्न आहे ना? ऑफिसचा पैसा किंवा शेठजीचा पैसा, दोन्ही वरून येतात. वरचा माणूस बदलला की टीम संपली. काकांच्या बँकेची टीम आज आहे का?

लेफ्टहाफ_निवृत्त

टीम नाही. पण माझी पेन्शन आहे. तुझ्या भावाकडे काय आहे ते सांग.

सेटपीस_91

काही नाही. रत्नागिरीच्या एका शाळेत पीटी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. घ्या, तेवढं मान्य केलं. पण त्यासाठी 1985 परत आणता येणार नाही.

शाहूपुरी_रंकाळा

दोघांचंही बरोबर आहे राव, पण कोल्हापूर कुणाच्या डोक्यातच नाही. आमच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये तळाचा संघ खालच्या गटात जातो. तालीम, म्हणजे पेठेचा क्लब, बंद पडत नाही. पीटीएम असो, शिवाजी असो, खंडोबा असो, पेठ आहे तोवर संघ आहे. खाली गेला तर पुढच्या हंगामात पेठेतलीच माणसं वर्गणी काढतात, बाहेरचे खेळाडू कमी करतात, पोरं उतरवतात. शाहू स्टेडियमवर साध्या लीग मॅचला जी गर्दी असते ती तुमच्या आयएसएलवाल्यांनी बघून जावी. त्याच मातीतनं अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला.

बालेवाडी_गेट3

कोल्हापूर मलाही आवडतं, पण तिथल्या दगडफेकीबद्दल पण लिहा. आणि हल्ली नायजेरियाहून खेळाडू आणायला तालमींकडे पैसा कुठून येतो तेही. पेठेतल्या निवडणुकीच्या उमेदवाराकडून ना? मग तोही शेठजीच झाला.

शाहूपुरी_रंकाळा

दगडफेक होते, लाज वाटते. उमेदवार पैसे देतात हेही खरं. पण उमेदवार पडला म्हणून तालमीला कुलूप लागलेलं एक उदाहरण दाखवा.

मांडवीकाठ

हेच मी डेंपोबद्दल म्हणत होतो.

कूपरेज_पूर्व

नोकरीच्या वादानं धागा खाल्ला, पण सेटपीसच्या भावाचा तो कागद वाचल्यावर माझी मागणी थोडी बदलतो. निधी क्लबाला देऊ नका. मालक तोही गिळेल. परवाना देतानाच खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या एका हंगामाच्या पगाराएवढी बँक गॅरंटी महासंघानं घ्यावी. क्लब घसरला, बंद पडला, काहीही झालं तरी करार संपेपर्यंत पगार त्यातून जावा. आणि घसरलेल्या क्लबानं मेमध्ये करून घेतलेली 'परस्पर संमती' कमिटीसमोर खेळाडूची सुनावणी झाल्याशिवाय ग्राह्य धरू नये. 2025 ला आयएसएलचं भवितव्य लटकलं तेव्हा बेंगळुरू एफसीसारख्या क्लबानंसुद्धा पगार थांबवले. म्हणजे हे वरच्या श्रेणीलाही लागू.

बालेवाडी_गेट3

गॅरंटीला पाठिंबा, नाइलाजानं, कारण ती तुमच्याकडून आली. पण 'आधी गॅरंटी, मग रेलिगेशन' हे मला मान्य नाही. 2019 च्या आराखड्यात आयएसएलमध्ये 2024-25 पासून रेलिगेशन येणार असं लिहिलं होतं. त्या हंगामात आलं का? पंजाब, मोहम्मेडन, इंटर काशी वर आले, 2024-25 पर्यंत खाली कुणीच गेलं नाही. एक अट पुढे केली की आणखी पाच वर्षं ढकलतील, आणि तोवर डेंपोसारखे क्लब खालीच घाम गाळतील. दोन्ही एकाच परवान्यात, एकाच तारखेला आणा.

कूपरेज_पूर्व

एकाच तारखेला चालेल. पण गॅरंटी जमा झाल्याचा कागद हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी जाहीर झाला पाहिजे, शेवटच्या सामन्यानंतर नाही.

सेटपीस_91

आणि त्या कागदाची प्रत खेळाडूच्या हातात. ऑफिसच्या फायलीत नको.