डायबेटीस असलेल्या मुलीने मदत मागायला पुढे यावं का?

रात्रपाळी
माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना फटके द्यायचे आहेत त्यांना शोधत बसायला नको: यावं.

लेक ९ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी टाइप १ निघाला. तेव्हापासून रात्री दोनला उठून तिची शुगर बघणं हे माझं दुसरं काम. आता सेन्सर आहे, पण झोपेची मोडलेली सवय काही दुरुस्त झाली नाही. मध्यंतरी इन्शुलिनच्या पेनमध्ये नवीन कार्ट्रिज घालताना तिने विचारलं, "ज्यांच्याकडे हे नसतं ती मुलं काय करतात?" आपल्या शरीराने स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात आणि म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं, एवढं तिला ठाऊक आहे. खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "काही मुलं जगत नाहीत." ती काही बोलली नाही. संध्याकाळी साठवलेल्या पैशांचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला.

गरजू मुलांना इन्शुलिन पोचवणाऱ्या एका संस्थेला आम्ही ते पैसे दिले. आभाराचं पत्र आलं, पाठोपाठ फोन आला. त्यांच्या निधीच्या कार्यक्रमात लेकीने दोन मिनिटं बोलावं आणि इंजेक्शन घेतानाचा तिचा फोटो पत्रकावर घ्यायची परवानगी द्यावी. लेक उड्या मारतेय. नवरा हो म्हणतोय. सासूबाई म्हणतात, पोरीचं दुखणं चव्हाट्यावर मांडू नका.

मला हो म्हणावंसं वाटतं, कारण या आजाराने तिला तीन वर्षं नुसतं घेणारी करून ठेवलंय. सगळे तिच्यासाठी थांबतात, तिच्यासाठी मोजतात, तिच्यासाठी जागतात. डबा दिला त्या दिवशी ती पहिल्यांदा देणारी झाली, आणि तिची चालच बदलली. ते थांबवू कसं?

उंबरठा
ताई, डबा देणं आणि फोटो देणं या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत करताय. डबा दिला तेव्हा ती देणारी होती. पत्रकावर आली की बघणाऱ्याच्या लेखी ती घेणारीच. सुई टोचून घेणारी लहान मुलगी आणि खाली "मदत करा" असं वाचल्यावर ही मुलगी स्वतःचे पैसे देऊन आलीय, हे कोणाच्या डोक्यात येईल? जे कमावलं म्हणताय तेच तो फोटो काढून घेणार.

आणि फोटो परत घेता येत नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलांच्या खासगीपणाचं कलम आहे, १६ वं. आजाराइतकं खासगी दुसरं काय असतं?

हिशेबी
त्याच करारात १२ वं कलमही आहे. मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं मत ऐकून घ्या, असं ते सांगतं. लेकीचं मत काय, तर उड्या! मग ते मोजायचं नाही का?

आता जरा कोरडं बोलतो. चेहऱ्याशिवाय पैसा येत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा २००७ चा अभ्यास आहे. एका गटाला उपासमारीची आकडेवारी दाखवली, दुसऱ्याला एकाच मुलीचा फोटो आणि तिची गोष्ट. एका मुलीला बघून लोकांनी जास्त पैसे दिले. लाखो म्हटलं की माणूस मान हलवतो, एक म्हटलं की खिशात हात घालतो. मला हे आवडतं असं नाही, पण आहे हे असं आहे.

इन्शुलिनच्या बाबतीतही हेच झालं. १९२२-२३ मधल्या तीन वर्षांच्या एका मुलाचे दोन फोटो अजून छापले जातात. पहिल्यात तो आईच्या कुशीत आहे, अंगावर नुसती हाडं. दुसऱ्यात तेच पोर गुटगुटीत आहे, इन्शुलिन सुरू केल्यानंतरचं. पानभर मजकुराने जे पटलं नसतं ते त्या दोन फोटोंनी पटवलं.

उंबरठा
त्या मुलाचं नाव सांगा बरं.

हिशेबी
ठाऊक नाही. नुसती आद्याक्षरं छापतात, जे. एल.

उंबरठा
बस, मला एवढंच म्हणायचं होतं. नाव न सांगताही काम झालं की नाही?

हिशेबी
नावाचं मान्य. पण चेहरा होता ना!

आडवातिडवा
फोटो, नाव, आद्याक्षरं... तुम्ही सगळे भलत्याच गोष्टीवर भांडताय. मुळात नऊ वर्षांच्या पोरीचा डबा फुटावाच का? इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये इन्शुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिलं, औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. आज जगातल्या इन्शुलिनच्या बाजाराचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा तीन कंपन्यांच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली, तेव्हापासून इन्शुलिन तिच्यात आहे. अत्यावश्यक म्हणजे सरकारने पुरवायचं. दान देऊन आपण सरकारला आणि कंपन्यांना मोकळं सोडतो, आणि वर मुलीला शिकवतो की जगणं ही कोणाच्या तरी दयेची गोष्ट आहे.

रात्रपाळी
आडवातिडवा, तुमचा मुद्दा मला पटतो आणि रागही येतो. इन्शुलिन बंद झालं की कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून जिवावर बेतणं, व्हायला काही दिवस पुरतात. निदान व्हायच्या आधीचे चार दिवस मी पाहिलेत. सारखं पाणी मागणं, उलट्या, मग धाप लागल्यासारखा खोल श्वास. पोटात काही बिघडलंय असं आम्ही धरून चाललो होतो. तुमचं धोरण बदलेपर्यंत ज्याच्याकडे इन्शुलिन नाही त्या मुलाने काय करायचं?

आडवातिडवा
बरोबर. त्या मुलाला आजच द्या, माझी ना नाही. पण मुलीला दुसरी बाजूही सांगा. नुसतं "आपण नशीबवान, ते बिचारे" एवढंच तिच्या डोक्यात राहिलं तर तो डबा वाया गेला.

बोलघेवडा
+१. "बिचारे" हा शब्द माझ्या पुतण्याने घरात बंद करून टाकलाय. त्याला टाइप १ आहे, वय ११. कोणी बिचारा म्हटलं की म्हणतो, "मी बिचारा नाही, मी वैतागलेला आहे."

सुईदोरा
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी पत्रकावरची मुलगी होते.

आठव्या वर्षी टाइप १ कळला आणि वर्षभरात आईवडिलांनी एका संस्थेला होकार दिला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट अभिमान होता. फ्रॉक घालून, हातात सिरिंज धरून मी हसतेय असा तो फोटो. कार्यक्रमात मला बोलायलाही उभं केलं. पाठ केलेल्या चार ओळी होत्या. दुसऱ्या ओळीला हात थरथरायला लागले, घाम फुटला, शब्द आठवेनात. माझी शुगर लो झाली होती. समोरच्या लोकांना वाटलं, मुलगी भारावून गेलीय. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजत राहिल्या आणि मला फक्त काहीतरी गोड हवं होतं. आई धावत आली तेव्हा बोटाला सुई लावून बघितलं, ५१. सत्तरच्या खाली गेलं की लो, हे समोर बसलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आले होते ते डायबेटीसच्याच कार्यक्रमाला.

त्या संध्याकाळी भरपूर निधी जमला म्हणतात. असेलही.

पुढे शाळेत कोणीतरी ते पत्रक आणलं. चिडवाचिडवी फार नाही झाली. झालं ते वेगळंच. सगळे माझ्याशी सांभाळून वागायला लागले. खेळात मला आउट देईनात. चौदाव्या वर्षापर्यंत मला ती पत्रकावरची मुलगी इतकी नकोशी झाली की मी चारचौघांत इन्शुलिन घेणं सोडलं. "बाथरूममध्ये जाऊन येते" म्हणायचं आणि न घेताच परत यायचं. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचं माप, ११ वर गेलं. डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बसवून मला विचारलं, तेव्हा पहिल्यांदा हे बोलले.

मी फोटोला दोष देत नाही. चौदाव्या वर्षी फोटो नसतानाही पोरं डोस टाळतात. पण माझ्या नकारामागे तो होता, हे मला पक्कं माहीत आहे.

एलिझाबेथ ह्यूजेसची गोष्ट वाचली आहे का? अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९२२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंगकडे नेलं तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि वजन २० किलोच्या आसपास. तेव्हा उपाय म्हणजे उपाशी ठेवणं, एवढाच होता. इन्शुलिनने ती वाचली आणि ७३ वर्षांची होऊन १९८१ मध्ये गेली. पण मोठेपणी तिने हा आजार जवळजवळ सगळ्यांपासून लपवला. वडिलांच्या कागदपत्रांतले आपल्या डायबेटीसचे उल्लेखसुद्धा काढून टाकले. याच बाई सार्वजनिक कामात पुढे होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासाचं काम करणारी संस्था १९७४ मध्ये निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. म्हणजे द्यायला त्यांची ना नव्हती. आजाराच्या नावाने ओळखलं जाणं त्यांना नको होतं.

हिशेबी
सुईदोरा, हे वाचून माझा आवाज जरा खाली आला. तरी एक म्हणतो. एलिझाबेथने लपवलं, कारण तेव्हा आजाराची लाज वाटायची. चार मुलं उघडपणे बोलली तर पाचव्याला ती कमी वाटेल, असं नाही का? १९७० मध्ये अमेरिकेत टाइप १ असलेल्या मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन जेडीआरएफ काढली. आज तिचं नाव ब्रेकथ्रू टी१डी आहे. टेप्लिझुमॅब या औषधाच्या संशोधनाला या संस्थेनेही पैसा पुरवला. ज्यांना टाइप १ होण्याची चिन्हं रक्तात दिसतात त्यांच्यात प्रत्यक्ष आजार हे औषध साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पालक गप्प राहिले असते तर हा पैसा कुठून आला असता?

सुईदोरा
पालकांनी बोलावं की! त्यांना कोण अडवतंय? ते मोठे आहेत, त्यांच्या फोटोची जबाबदारी त्यांची. तुम्ही आईवडिलांचं उदाहरण देऊन मुलांचा फोटो मागताय.

बोलघेवडा
हा बरोबर बसला.

कातळ
बिनचेहऱ्याची मोहीम चालते, हे मी सांगतो. २०१३ मध्ये ऑनलाइन ओळख झालेल्या डायबेटीसवाल्यांनीच एक सुरू केली. व्हॅलेंटाइनला डझनभर गुलाब देण्याऐवजी अकरा द्या आणि बाराव्याचे पैसे ज्या मुलाला इन्शुलिन मिळत नाही त्याच्यासाठी. फोटो गुलाबाचा. पैसे जायचे 'लाइफ फॉर अ चाइल्ड' या कार्यक्रमाला, जो २००० पासून साधनं नसलेल्या देशांतल्या मुलांना इन्शुलिन, सिरिंज आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप पुरवतो.

आणि पैशांपलीकडे वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारून द्या. एकदा मी उत्साहाने उरलेल्या स्ट्रिपचे डबे दिले. ज्यांना दिले त्यांच्याकडे त्या कंपनीचं मीटरच नव्हतं! स्ट्रिप आपल्याच मीटरला चालते, हे माझ्यासारख्या जुन्या पालकाला सुचू नये, म्हणजे कमाल. इन्शुलिनचंही तेच. न उघडलेलं, मुदत शिल्लक असलेलं आणि सगळा वेळ २ ते ८ अंशांत राहिलेलं असेल तरच उपयोग. बिघडलेलं इन्शुलिनही डोळ्यांना चांगल्यासारखंच दिसू शकतं.

उंबरठा
कातळ, हे मुलीला सांगण्यासारखं आहे. समोरच्याला काय हवंय ते आधी विचारायचं. फोटोपेक्षा हा धडा मोठा.

हिशेबी
गुलाबाची गोष्ट छान, पण ती पोचली ज्यांना डायबेटीस आधीच माहीत आहे त्यांच्यापर्यंत. बाहेरच्याला हलवायला चेहरा लागतो, या मतावर मी अजून आहे.

रात्रपाळी
चार दिवस लागले उत्तर द्यायला, मध्ये लेक तापाने आजारी होती. आजारपणात शुगर कशी नाचते ते इथल्या निम्म्यांना माहीत आहे, कीटोन तपासत बसले होते.

सुईदोराचं लिहिणं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग संस्थेला फोन केला. फोटो देणार नाही, नाव देणार नाही, बोलण्याचं ती ठरवेल. पलीकडच्या बाई नाराज झाल्या, चेहरा नसला तर पत्रकाला अर्थ नाही म्हणाल्या. हिशेबी, तुमचीच वाक्यं ऐकल्यासारखं वाटलं.

खरी लढाई घरात झाली. लेक रडली. "माझा आजार माझा आहे, मग मी का नाही सांगायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा. "मोठी झाल्यावर सांग" हे उत्तर दिलं तर ती ऐकून घेते, पण पटलेलं नसतं.

शेवटी तिने सौदा केला. फोटो नाही, पण बोलणार. आणि स्वतःबद्दल नाही. शुगर लो झाली की माणूस कसा दिसतो आणि शेजारच्याने काय करायचं, ते सांगणार. हे तिने स्वतः काढलं. मी तिला सुईदोराची गोष्ट सांगितलेली नव्हती.

उंबरठा
बोलणं चालेल. पण समोर शंभर फोन असतील, प्रत्येकात कॅमेरा. पत्रकावर नाही आली तरी रात्रीपर्यंत शंभर ठिकाणी असेल.

रात्रपाळी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्रण करू नका असं आधी जाहीर करायला सांगते. नाही म्हणाले तर जाणार नाही.

आडवातिडवा
आणि तिच्या दोन मिनिटांत एक वाक्य माझं घाला. हे औषध शंभर वर्षांपूर्वी तीन डॉलरला देऊन टाकलं होतं.

रात्रपाळी
तिला विचारते. भाषण तिचं आहे.

सुईदोरा
एकच सांगते. स्टेजवर जायच्या आधी घाबरून शुगर वर जाईल, माझी गेली होती. आईने काळजीने जास्तीचा डोस दिला आणि नंतर टाळ्यांमध्ये मी लो. करेक्शनचं, म्हणजे वाढलेली शुगर उतरवायच्या जादा डोसचं, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. ज्यूस तुमच्या पर्समध्ये नको, तिच्या हाताशी ठेवा. आणि बोलता बोलता प्यायला लागली तर पिऊ दे, सगळ्यांसमोर.

रात्रपाळी
लिहून ठेवलं. ज्यूसचे दोन खोके, एक माइकपाशी.