शाळेची वेळ वाढली, मुलं जास्त शिकली का? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती (घणसोली): आमच्या शाळेने जूनपासून सहावी ते आठवीची वेळ दीड तासाने वाढवायचं ठरवलंय. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) या वर्गांना वर्षाला किमान १००० तास अध्यापन सांगितलंय, ते आताही भरतात. चिलीने १९९७ मध्ये पूर्ण दिवसाची शाळा आणली. तिथे भाषा-गणितात सुधारणा दिसली, पण थोडीच. ज्यांच्या मुलांची वेळ वाढलीय त्यांनी घडलंय तसं लिहा.

आई, ऐरोली: मुलगी सहावीत. वाढीव शेवटच्या तासाला गणित ठेवलं होतं. वही उघडली की कळायचं. अपूर्णांकांच्या बेरजेत लसावि काढलेला, पुढचं सगळं फळ्यावरून उतरवलेलं, मधली एक ओळच गायब. आम्ही पालकांनी बोलून गणित दुसऱ्या तासाला घ्यायला लावलं, शेवटी खेळ आणि चित्रकला. शाळा सुटायची वेळ तीच, पण सहामाहीला तिची उदाहरणं तिची स्वतःची होती.

शिक्षिका, कोपरी: चौथीत असून जोडाक्षरं अडणारी दहा-बारा मुलं आम्ही शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतो. घरी एक खोली, आईवडील दोघंही कामावर. अभ्यासाला बसणार कुठे? प्रत्येकाला रोज मोठ्याने वाचायला मिळतं. 'विद्यार्थ्यांच्या' वर थबकणारा मुलगा दिवाळीनंतर अख्खा धडा वाचू लागला. हाच तास साठ जणांच्या वर्गाला दिला असता, तर त्याची पाळीच आली नसती. आणि एक सांगते, चारनंतर पोरांना भूक लागते. शेंगदाणे-गूळ आम्ही वर्गणी काढून आणतो.

बाबा, कासारवडवली: घोडबंदरला संध्याकाळी बस अडकली की अडकली. आधी साडेतीनला घरी येणारा मुलगा आता सहाला येतो, सातला क्लास. जेवताना डुलक्या काढतो.

आजोबा, नेरूळ: आमच्याकडे उलट. गृहपाठ शाळेतच संपतो म्हणून क्लास सोडला. नातू संध्याकाळी मैदानावर असतो.

धागाकर्ती: आजोबा, हे वाचून बरं वाटलं. कोपरीच्या बाई, तुमचा अनुभव पालकसभेत वाचून दाखवते, चालेल ना? आमच्या पत्रकात फी आणि बसची नवी वेळ आहे, त्या दीड तासात कोण, किती मुलांना, काय शिकवणार याची एक ओळही नाही. ती लेखी मिळेपर्यंत मी संमतीपत्रावर सही करणार नाही.