मदत हवी आहे: सामन्यात रडणारी लहान मुले पडद्यावर दाखवण्याबाबत नियम कसा लिहावा?

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापूरचा. फोटो स्टुडिओ हा माझा व्यवसाय आहे आणि फुटबॉलच्या हंगामात आम्ही पाच मित्र मिळून स्थानिक सामन्यांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतो. तीन कॅमेरे, एक स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र प्रक्षेपणात जायचे ते निवडण्याचे यंत्र), एक लॅपटॉप आणि समालोचकासाठी माईक, एवढाच आमचा संसार आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तिथल्या गर्दीबद्दल सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच, की इथले संघ बहुतांशी तालमींचे असतात, तालीम पेठेची असते, आणि पोर चालायला लागण्याआधीच ते कोणाकडचे हे ठरलेले असते.

गेल्या हंगामात एक महत्त्वाचा सामना टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांवर गेला. संघांची नावे मुद्दाम देत नाही. माझ्याकडे दोन नंबरचा कॅमेरा होता, म्हणजे प्रेक्षक टिपण्याचे काम. शेवटचा फटका बारवरून गेला आणि मला गर्दीत काकाच्या, निदान मला काका वाटलेल्या माणसाच्या खांद्यावर बसलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा दिसला. अंगात गुडघ्यापर्यंत येणारी जर्सी, दोन्ही हात डोक्यावर, आणि तोंड उघडे, पण रडण्याचा आवाज अजून फुटलेला नाही. कॅमेरा चालवणाऱ्याला असा चेहरा दिसला की त्याचा हात आपोआप झूमकडे जातो. माझाही गेला. स्विचरवरच्या मित्राने तो शॉट सहा-सात सेकंद धरून ठेवला, समालोचक म्हणाला, ‘हे बघा पेठेचं काळीज’, आणि आम्ही तिघेही स्वतःवर खूश झालो.

इथवर घडले ते एकवेळ समजून घेता येईल. पुढचे मात्र शांत डोक्याने, घरी बसून, चहा पीत केलेले आहे. त्याच रात्री आम्ही तेवढा तुकडा कापला, त्याचा वेग कमी केला, खाली दुःखी संगीत लावले आणि शॉर्ट म्हणून टाकला. संपूर्ण सामन्याच्या ध्वनिचित्रफितीला थंबनेल म्हणूनही तोच चेहरा लावला. प्रतिस्पर्धी पेठेतल्या मुलांनी त्यावर हसण्याचे स्टिकर चिकटवून तो स्टेटसला ठेवला. आठवड्याने त्या मुलाचे वडील दुकानात आले. मी भांडणाच्या तयारीत होतो. ते भांडले नाहीत. शाळेत पोरं त्याला ‘टायब्रेकर’ म्हणून हाक मारतात, एवढे त्यांनी सांगितले आणि जाताना म्हणाले, ‘पोरगं आता स्टेडियमवर यायचं न्हाई म्हणतंय.’

मी शॉर्ट काढून टाकला आणि थंबनेल बदलले, परंतु लोकांच्या फोनवर गेलेल्या प्रती माझ्या हातात नाहीत. आता नवा हंगाम तोंडावर आहे, कॅमेऱ्यावर विशी-बाविशीतली दोन नवी मुले येणार आहेत, आणि आमचे एक स्थानिक प्रायोजक ‘गेल्या वर्षीसारखे भावनिक शॉट हवेत’ असे स्पष्ट सांगून गेले आहेत. म्हणून मला एक लेखी नियम करायचा आहे. तो असा हवा की गोंगाटात, कानात हेडफोन असताना, तीन सेकंदांत पाळता येईल. ‘संवेदनशीलता बाळगावी’ असले वाक्य ट्रायपॉडपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या काहीही कामाचे नाही.

मी स्वतः थोडे वाचन केले. त्यातले जे उपयोगी वाटले ते इथे मांडतो, म्हणजे तीच माहिती पुन्हा देण्याचे कष्ट आपल्याला पडू नयेत.

सर्वांत जवळचे उदाहरण वेम्बलीचे आहे. २९ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत इंग्लंडने जर्मनीला २-० असे हरवले. त्या वेळी वडिलांच्या कुशीत रडणारी एक लहान जर्मन मुलगी कॅमेऱ्याने टिपली, मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर ती दिसताच अनेकांनी जल्लोष केला, आणि नंतर समाजमाध्यमांवर तिच्याबद्दल प्रौढ माणसांनी इतके घाणेरडे लिहिले की ते इथे देववत नाही. त्यावर वेल्समधल्या एका गृहस्थाने ५०० पौंड जमवण्याच्या इराद्याने तिच्यासाठी निधी सुरू केला आणि छत्तीस हजारांहून अधिक पौंड जमले. कुटुंबाने आपली ओळख गुप्त ठेवून ती रक्कम युनिसेफला देण्याची विनंती केली. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘शेवट गोड’ म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यातली सर्वांत शहाणी माणसे तिचे आईवडील वाटली, कारण पैसे, सहानुभूती आणि मुलाखती समोर असताना त्यांनी मुलीला पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणले नाही.

दुसरे उदाहरण २०१२ च्या युरो स्पर्धेतले आहे आणि ते आमच्या धंद्याच्या मुळाशी जाते. जर्मनीच्या इटलीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात इटलीच्या बालोतेल्लीच्या गोलनंतर एक रडणारी जर्मन प्रेक्षक दाखवली गेली. प्रत्यक्षात ते अश्रू सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळचे होते. जर्मन वाहिन्यांनी यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेकडे आक्षेप नोंदवला. ती स्त्री प्रौढ होती, तरीही मुद्दा लागू पडतो: रडणे एका कारणाचे आणि दाखवणे दुसऱ्या कारणासाठी, असे संकलनाच्या टेबलावर फार सहज होते. आमच्या मुलाच्या बाबतीत आम्ही वेळ बदलली नाही, पण वेग बदलला, संगीत घातले, आणि त्याचे रडणे होते त्याहून मोठे केले.

नियमांच्या बाजूने पाहता, ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेच्या प्रसारण संहितेत असे म्हटले आहे की कार्यक्रमात भाग घेणाऱ्या किंवा अन्य प्रकारे त्यात गुंतलेल्या अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या शारीरिक व भावनिक हिताची आणि प्रतिष्ठेची योग्य काळजी घेतली पाहिजे, आणि ती त्यांनी किंवा पालकांनी संमती दिलेली असली तरीही घेतली पाहिजे. हे ‘संमती असली तरीही’ मला फार महत्त्वाचे वाटते. मोठ्या सामन्यांच्या तिकिटांच्या अटींत ‘मैदानात प्रवेश केला म्हणजे चित्रणाला मान्यता दिली’ असे कलम असते, आणि आपण सगळे त्याच्या आड उभे राहतो. नऊ वर्षांच्या मुलाने ते कलम वाचलेले नसते. खरे तर त्याच्या वडिलांनीही नसते.

माझे प्रश्न असे. थेट प्रक्षेपणात ओझरते दाखवणे आणि नंतर त्याचा तुकडा करून ठेवणे यांत आपण नैतिक फरक मानता का? आनंदाश्रूंना वेगळा नियम असावा का? प्रायोजकाला काय सांगावे? आणि त्या वडिलांकडे पुन्हा जावे की जाऊ नये?

प्रतिसाद (वकिली करणाऱ्या सदस्याकडून)

आधी तातडीचे. संपूर्ण सामन्याच्या फितीत तो शॉट अजून असेल. यूट्यूबच्या स्टुडिओमध्ये प्रकाशित फितीतला तुकडा कापण्याची आणि चेहरा धूसर करण्याची सोय आहे. आज रात्रीच ते काम उरका. दुसऱ्या कोणी तो तुकडा चढवला असेल तर मुलाचे पालक त्याच्या वतीने यूट्यूबकडे खासगीपणाच्या भंगाची तक्रार करू शकतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याच्याकडेही दाद मागता येते.

कायद्याबद्दल गैरसमज नको. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, पण ते विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या), काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच गुन्ह्यात बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांसाठी आहे. सामना हरल्यामुळे रडणारे मूल त्यात बसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट आहे आणि बालकाच्या हिताला बाधा आणणाऱ्या वापरास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. गर्दीच्या चित्रणाला तो नेमका कसा लागू होईल यावर न्यायालयात वाद होतील. परंतु खासगीपणाच्या हक्काबाबतच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या २०१७ च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांच्या न पुसल्या जाणाऱ्या डिजिटल पाऊलखुणांचा स्वतंत्र उल्लेख केलेला आहे. वारे कोणत्या दिशेचे आहे हे त्यावरून समजावे.

प्रतिसाद (क्रीडा पत्रकार असलेल्या सदस्याकडून)

थोडा विरोध नोंदवतो. ८ जुलै २०१४ रोजी ब्राझील घरच्या मैदानावर जर्मनीकडून १-७ असा हरला, तेव्हा स्टँडमध्ये रडणारी मुले जगभर दाखवली गेली आणि त्यांच्यावाचून त्या दिवसाचा इतिहास अपुरा राहिला असता. १० ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत धोनीने सामना संपवल्यावर आनंदाने रडणारी मुले कॅमेऱ्याने दाखवली, आणि धोनीने त्यांच्याकडे सही केलेला चेंडू टाकला. सगळेच झाकले तर मैदान म्हणजे बावीस माणसे आणि एक चेंडू उरेल.

मात्र ‘कॅमेरा वळवता येत नाही’ हा युक्तिवाद मीही मान्य करणार नाही. २०१८ च्या विश्वचषकात फिफाच्या विविधता विभागाचे प्रमुख फेदेरिको अद्दियेची यांनी गर्दीतल्या आकर्षक स्त्रियांवर झूम करू नये असे प्रसारकांना सांगितल्याचे जाहीर केले होते. कोपनहेगनला १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन सामन्यात कोसळला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, कारण कॅमेरे थांबत नव्हते. बीबीसीला नंतर प्रेक्षकांची क्षमा मागावी लागली, आणि चित्रण यूएफाच्या यंत्रणेकडून येत असल्याने ते आपल्या हातात नव्हते, असे तिने सांगितले. आपल्या बाबतीत स्विचर आपल्याच टेबलावर आहे. तेवढी सोय बीबीसीला नव्हती.

प्रतिसाद (प्राथमिक शिक्षिका असलेल्या सदस्येकडून)

आनंदाश्रूंसाठी वेगळा नियम करू नका. वर्गातली मुले अश्रूंचे कारण विचारत नाहीत, ‘रडला’ एवढेच लक्षात ठेवतात. त्या वडिलांकडे जरूर जा, पण माफी मुलाची मागा आणि ती मागताना कॅमेरा सोडा, फोनसुद्धा खिशाबाहेर काढू नका. आणखी एक विचारते: त्या मुलाशी आतापर्यंत कोणी बोलले आहे का?

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फितीतला तो भाग काल रात्री कापला. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. मुलाच्या वडिलांना फोन केला आहे; ते गुरुवारी घरी या म्हणाले.

नियमाचा मसुदा खालीलप्रमाणे केला असून तो ट्रायपॉडला बांधायच्या पुठ्ठ्यावर मावेल इतकाच ठेवला आहे:

लहान मूल एकटे चौकटीत घ्यायचे नाही. आजूबाजूची माणसे दिसलीच पाहिजेत. मूल रडत असेल तर झूम करायचे नाही, आणि शॉट आधीच लागला असेल तर ‘एक, दोन’ मोजून मैदानावर परतायचे. त्याचा रिप्ले, संथ चित्रण, शॉर्ट, थंबनेल काहीही करायचे नाही, पालकांनी स्वतः मागितले तरीही. समालोचकाने मुलांच्या चेहऱ्यांबद्दल बोलायचे नाही.

पत्रकार मित्रांचा आक्षेप मी विचारात घेतला आहे. हरलेल्या पेठेचे दुःख दाखवायला नको असे माझे म्हणणे नाही. ते दाखवायला चाळिशीतले, मिशीवाले, ढसाढसा रडणारे पुरुष आमच्याकडे भरपूर आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेत जायचे नसते. प्रायोजकांनाही मी हेच सांगितले. ते आधी हसले, मग ‘बघू’ म्हणाले. त्या ‘बघू’चा अर्थ पुढच्या महिन्यात धनादेश आला की कळेल.

एक अडचण उरली आहे. आमच्याकडे मूल बहुधा कोणाच्या तरी खांद्यावर बसलेले असते, त्यामुळे रुंद चौकटीतसुद्धा गर्दीतला सर्वांत उंच आणि सर्वांत स्पष्ट चेहरा त्याचाच दिसतो. यासाठी कॅमेऱ्याची जागा किंवा कोन बदलण्याचा काही उपाय कोणी वापरला असेल तर कृपया शनिवारपर्यंत सांगावे. रविवारी पहिला सामना आहे.